नोबेल मिळालं, तरी पुढचा तास फिजिक्सचा

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. मलाला युसुफझाईला नोबेल मिळालं तेव्हा ती शाळेत शिकत होती, हे वाचल्यापासून ती विचारते, की एवढी प्रसिद्ध मुलगी साध्या वर्गात बसते कशी? तिला चारचौघींसारखं राहता येतं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : राहता येतं, पण ते एकट्या त्या मुलीच्या हातात नसतं. मलालाचीच गोष्ट बघा.

9 ऑक्टोबर 2012 रोजी पाकिस्तानातल्या मिंगोरा इथे परीक्षा देऊन घरी निघालेल्या मलालावर शाळेच्या गाडीत गोळी झाडली गेली. उपचारांसाठी तिला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला नेलं. फेब्रुवारी 2013 मध्ये कवटीला टायटॅनियमची पट्टी आणि ऐकू येण्यासाठी कानात यंत्र बसवलं, आणि पुढच्याच महिन्यात ती तिथल्या एजबॅस्टन मुलींच्या शाळेत दाखल झाली. वय वर्षं पंधरा. देश नवा, वर्ग नवा आणि चेहरा मात्र जगाच्या ओळखीचा.

तिला सगळ्यात जड गेली ती मैत्री. मिंगोऱ्याच्या शाळेत ती नुसती मलाला होती. विनोद सांगणारी, पहिल्या नंबरासाठी मैत्रिणींशी चुरस करणारी. बर्मिंगहॅममध्ये मुली तिच्याकडे मुलींच्या हक्कांसाठी लढणारी मलाला म्हणूनच बघत. चांगलं वागत, पण जरा अंतर राखून. जुन्या मैत्रिणीशी ती स्काइपवर बोलत राही. हे एकटेपण तिने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडलं आहे. आदराने वागवलेल्या मुलीलाही एकटं वाटू शकतं, हे आपण मोठ्यांनी ओळखायला हवं.

आता 10 ऑक्टोबर 2014 चा शुक्रवार. केमिस्ट्रीचा तास चालू होता, विषय तांब्याचं विद्युत अपघटन. मध्येच एका शिक्षिकेने तिला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की शांततेचं नोबेल तिला आणि भारताच्या कैलाश सत्यार्थींना मिळून जाहीर झालंय. सतरा वर्षांची मलाला नोबेलच्या इतिहासातली सर्वांत लहान मानकरी ठरली. पण ती शाळेतून निघाली नाही. पुढे फिजिक्सच्या तासाला बसली, मग इंग्रजीच्या. पत्रकारांशी ती बोलली ती शाळा सुटल्यावर, शहरातल्या ग्रंथालयात. निर्णय तिचा होता, पण तो पाळता आला कारण शाळेचे तास ठरल्याप्रमाणे चालू राहिले. पुढे तिथूनच शिक्षण पूर्ण करून 2017 मध्ये ती ऑक्सफर्डला गेली.

आपल्याकडे याच्या उलट घडलेलं तुम्हाला आठवत असेल. ‘सैराट’ चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी लागला आणि त्याची नायिका, अकलूजची रिंकू राजगुरू, महिनाभरात घरोघरी पोचली. त्यानंतर चाहत्यांच्या गर्दीमुळे आणि चित्रपटांच्या कामांमुळे तिला रोज वर्गात बसणं जमेना. शेवटी 17 नंबरचा फॉर्म भरून तिने बाहेरून दहावी दिली आणि 2017 मध्ये 66.40 टक्के मिळवून पास झाली. बारावीला तर 82 टक्के मिळवले. जिद्दीत ती कुठेच कमी नव्हती. पण मधल्या सुट्टीतला डबा, गृहपाठावरून खाल्लेली बोलणी, सहामाहीचं टेन्शन हे बाहेरून परीक्षा देऊन मिळत नाही. प्रेमापोटी जमलेल्या गर्दीनेही एखाद्या मुलीचा वर्ग सुटू शकतो.

म्हणून मुलीला एवढंच सांगा : उद्या तुझ्या वर्गात टीव्हीवर दिसणारी, मैदान गाजवणारी किंवा रीलमुळे गाजलेली मुलगी आली, तर पहिल्या दिवशी सेल्फी मागू नकोस. बाकावर सरकून तिला जागा दे, बुडालेल्या तासांच्या वह्या दे, आणि ती चुकली तर इतर मैत्रिणींना सांगतेस तसं तिलाही तोंडावर सांग. शिक्षकांनीही तिला गॅदरिंगला मिरवण्याआधी तिचा बुडालेला अभ्यास भरून काढायला मदत करावी. प्रसिद्धी तिला बाहेर भरपूर मिळतेच. वर्गात तिला बरोबरीच्या मैत्रिणी हव्या असतात, आणि तशा मैत्रिणी फक्त तुमच्या मुलीसारख्या मुलीच होऊ शकतात.