रुमालावरची चिठ्ठी

मुलांनो, गोदावरीच्या तीरावर वसलेले कोपरगाव रघुनाथराव पेशव्यांच्या अखेरच्या वास्तव्यामुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर ते येथे येऊन राहिले आणि १७८३ साली येथेच त्यांचा अंत झाला. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्यास पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे वळावे लागते. तेथे मोडी लिपीतील असंख्य कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. खंडाचा व कागदाचा क्रमांक सांगताच हवा तो कागद आजही नेमका सापडतो. क्रमांक नसता, तर तो ढिगात असूनही नसल्यासारखाच राहिला असता.

आज असाच ढीग संगणकापुढे उभा आहे. शाळेचा हजेरीपट रकान्यांत नीट बसतो. पण छायाचित्रे, चलत्चित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, जुनी पत्रे यांना रकाने कसे पाडावे? अशा माहितीला असंरचित माहिती म्हणतात. ती कप्प्यात कप्पा करून ठेवावी, तर पुरात सापडलेल्या शाळेचे चित्र ‘पूर’ या कप्प्यात घालावे की ‘शाळा’ या, असा पेच पडतो. कप्पे वाढत गेले की वाटच हरवते.

यावर वस्तुरूप साठवण हा एक उपाय आहे. येथे कप्प्यांची उतरंड नसते. मूळ मजकूर, त्याचे वर्णन आणि दुसऱ्या कोणाचेही नसेल असे ओळखनाम, या तिहींची मिळून एक ‘वस्तू’ होते. ओळखनाम सांगितले की वस्तू हाती येते. वर्णनांची सूची केली, तर तेच चित्र ‘पूर’ व ‘शाळा’ या दोन्ही शब्दांनी सापडते. वस्तू अनेक यंत्रांवर विखुरलेल्या असतात व त्यांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात. म्हणून एक यंत्र बिघडले, तरी ठेवा नष्ट होत नाही. ढीग वाढला, तर नवी यंत्रे जोडता येतात. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने ‘एस-थ्री’ नावाची अशी सेवा सर्वांसाठी खुली केली आणि ही पद्धत जगभर पसरली. मात्र वस्तूतील एखादी ओळ बदलावयाची, तर बहुधा सबंध वस्तूच नव्याने ठेवावी लागते. म्हणून क्षणोक्षणी बदलणाऱ्या हिशेबास ही पद्धत सोयीची नव्हे.

मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या कपाटात एक जुने छायाचित्र सापडले. सुमारे तीस मुले ओळीने उभी होती. पण पाठीमागे ना नावे होती, ना साल. ज्यांना विचारावे, ते वृद्ध शिक्षक आदल्याच वर्षी निवर्तले होते. छायाचित्र शाबूत होते, माणसे मात्र हरवली होती.

यंत्र ठेवा सांभाळील, प्रती करील, क्षणात शोधूनही देईल. पण चित्रातील माणूस कोण, हे त्याला ओळखणाऱ्यानेच लिहून ठेवले पाहिजे. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांजवळ आजच बसा आणि रुमालावरची चिठ्ठी लिहून घ्या.

स्वाध्याय
१. हजेरीपट व छायाचित्र यांच्या साठवणीत कोणता फरक आहे?
२. ‘वस्तू’ कोणत्या तीन गोष्टींची बनते?
३. घरातील एका जुन्या छायाचित्राचे पाच ओळींत वर्णन लिहा.