काडीकिड्याचे संगोपन : पावसाळ्यातील एक निसर्गपाठ

(इयत्ता तिसरी ते पाचवी)

पाठाचा हेतू

हालणारी वस्तू मुलांचे लक्ष आपोआप वेधून घेते. न हालणाऱ्या वस्तूकडे धीराने पाहावयास मात्र शिकवावे लागते. या शिक्षणासाठी काडीकिड्यासारखे साधन क्वचितच मिळेल. तो गात नाही, चमकत नाही, मध किंवा रेशीम देत नाही. अशा जिवाची निगा मुलांनी रोज, नियमाने आणि कोणी न सांगता राखावी, हा या पाठाचा खरा हेतू होय. किड्याची माहिती ही त्या ओघात मिळणारी जोड आहे.

किड्याची ओळख

काडीकिड्याचे शरीर लांब व बारीक असून रंग हिरवा किंवा तपकिरी असतो. दिवसा पुढचे पाय डोक्यापुढे ताणून तो काडीसारखा निश्चल राहतो आणि रात्री पाने खातो. जगात त्याच्या तीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. चीनमधील एका जातीची लांबी, ताणलेले पाय धरून, ६४ सेंटिमीटर भरली आहे.

प्रार्थनाकीटक आणि काडीकिडा यांत मुलांची गफलत होते. प्रार्थनाकीटकाचे पुढचे पाय काटेरी व दुमडलेले असतात आणि तो इतर कीटकांना पकडून खातो. काडीकिड्याचे सर्व पाय सडपातळ असतात व तो केवळ पाने खातो. त्याला नांगी नसते. मुलांची भीती घालविण्यास हे आधी सांगावे. तथापि काही परदेशी जाती डोळ्यांना झोंबणारा द्रव उडवितात. म्हणून किडा चेहऱ्याजवळ नेऊ नये व हाताळल्यावर हात धुवावेत, ही शिस्त सुरुवातीपासूनच लावावी.

शोध

आषाढ-श्रावणात झुडपे पालवली म्हणजे शोधास निघावे. उदाहरणादाखल नेरूळचा परिसर घेऊ. एके काळचे हे खाडीकाठचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर नवी मुंबईच्या उभारणीत त्याभोवती नगर वसले, आणि आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तरीही पूर्वेस पारसिकच्या टेकड्या पावसाळ्यात हिरव्या होतात, आणि घरांच्या कुंपणांशी पेरू, जास्वंद, गुलाब ही झाडे असतात. नगरातील मुलांना शोधासाठी एवढीच जागा पुरते. खेड्यातील शाळेला तर बांध, वई आणि रान दाराशीच आहे.

कुरतडलेल्या कडांची पाने दिसली की तेथे सायंकाळी विजेरी घेऊन वडीलधाऱ्यांसह पाहावे. नुकतीच डासांसाठी धूरफवारणी झालेल्या किंवा औषध मारलेल्या झाडाचा पाला घेऊ नये. अभयारण्यातून अथवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नये. एका वर्गाला दोन किडे पुरेत.

निवास व खाद्य

किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंचीची बरणी किंवा खोके घ्यावे. तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधावे व तळाशी कागद अंथरावा. बरणी उन्हात ठेवू नये.

ज्या झाडावर किडा सापडला, त्याच झाडाची फांदी आत ठेवावी. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यासोबत पेरू, गुलाब व जास्वंद यांचे एकेक पान ठेवून सकाळी कोणते खाल्ले गेले ते मुलांनी पाहावे. निवाडा किड्याने करावयाचा, शिक्षकाने नव्हे. फांदी पाण्याच्या लहान बाटलीत उभी करून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाही तर पिल्ले पाण्यात बुडतात. दर दोन-तीन दिवसांनी पाला बदलावा. सायंकाळी पानांवर पाण्याचे थोडे तुषार शिंपडावेत. किडा ते थेंब पितो. ओल मात्र साचू देऊ नये, बुरशी येते.

कात टाकणे

वाढताना किडा अनेकदा कात टाकतो. त्या वेळी तो फांदीला उलटा लोंबकळतो, पाठीवरची त्वचा उकलते व नवे शरीर खाली सरकत बाहेर येते. बरणी बुटकी असल्यास पाय वाकडे होतात, प्रसंगी किडा मरतो. तिप्पट उंचीचे कारण हेच. या वेळी त्याला मदत म्हणूनही कोणी स्पर्श करू नये. हात आवरून धरणे हीसुद्धा सेवाच आहे, हे मुलांना येथे उमजते. टाकलेली कात तो बहुधा खाऊन टाकतो.

किड्याला पायाने धरून उचलू नये, पाय तुटून येतो. वाढत्या पिल्लाचा पाय पुढील कातींबरोबर हळूहळू पुन्हा फुटतो. पूर्ण वाढलेल्याचा फुटत नाही. उचलावयाचे झाल्यास त्याच्यापुढे काडी धरावी. तो आपण होऊन चढतो.

अंडी

तळाच्या कागदावर विष्ठेत बियांसारखे गोल दाणे मिळाल्यास ती अंडी समजावीत. किंचित ओलसर वाळूवर ती निराळी ठेवावीत. पिल्ले निघण्यास काही महिने लागतात. काही जातींच्या अंड्यावर एक गाठ असते. तिच्या लोभाने मुंग्या अंडे वारुळात नेतात, गाठ खातात, आणि अंडे तेथे सुरक्षित राहते.

तमिळनाडूतील पळणी डोंगरातल्या शेंबगनूर येथील एका जातीला १९०१ साली शास्त्रीय नाव मिळाले. तिच्या माद्या नराशिवाय शेकडो अंडी घालतात. युरोपातील शाळांतून व प्रयोगशाळांतून ती फार पाळली जाते. पुढे कॅलिफोर्नियात ती मोकळी पसरून बागांची पाने खाऊ लागली. म्हणून परक्या ठिकाणचा किडा आपल्या रानात कधीही सोडू नये.

संगोपनाचे मोल

ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावर १९१८ साली एक जहाज खडकावर आदळले व त्यातील उंदीर बेटावर उतरले. थोड्याच वर्षांत तेथील मोठा काडीकिडा नाहीसा झाला. २००१ साली जवळच्या एका सुळक्यावर, एका झुडपाखाली, त्या जातीचे केवळ २४ किडे आढळले. २००३ साली मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात एक जोडी नेण्यात आली. मादी आजारी पडली. तेथील माणसांनी तिची शुश्रूषा केली व ती जगली. तिच्या अंड्यांतून पुढे हजारो किडे वाढले. एका बरणीकडे कोणी नीट लक्ष दिले, म्हणून एक जात टिकली.

नोंदी आणि निरोप

दर सोमवारी किड्याची लांबी मोजून तक्त्यावर लिहावी. खाल्लेल्या पानाची आकृती चौकटींच्या कागदावर काढून क्षेत्रफळ मोजावे. गणित त्यातच साधते. पाला आणण्याची पाळी नावानिशी लावावी, रविवारही त्यात धरावा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी किडे व त्यांची अंडी जेथून आणली त्याच झाडापाशी सर्व वर्गाने नेऊन सोडावीत. सुट्टीत बंद खोलीत विसरलेली बरणी मुलांच्या मनातून सारा पाठ पुसून टाकील.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. किडा आणि काडी यांतील फरक तुम्ही कशावरून ओळखला?
२. बरणी उंच का असावी?
३. कात टाकणाऱ्या किड्याला हात का लावू नये?
४. आपली पाळी चुकली असती तर काय झाले असते?