कराटे-विद्येंतील गुरुशिष्यांचा शिष्टाचार

कराटे शिकूं लागलेल्या मुलाच्या कानीं पहिल्याच दिवशीं जो शब्द पडतो, तो 'सेन्सेई' हा होय. हा एखादा पराक्रमाचा किताब असावा, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याचा शब्दशः अर्थ 'आधीं जन्मलेला' इतकाच आहे. जपानांत शाळेंतील शिक्षक, वैद्य, वकील या सर्वांस सेन्सेईच म्हणतात. आणि आपण 'जोशी मास्तर' म्हणतों त्याप्रमाणें तो शब्द आडनांवापुढें जोडितात. मात्र स्वतःचें नांव सांगतांना तेथील सुजाण शिक्षक तो लावीत नाहीं. ही पदवी दुसऱ्यानें द्यावयाची. आपण होऊन घ्यावयाची नव्हे.

या विद्येचा व शाळेचा संबंधही निकटचा आहे. ओकिनावा बेटांत ती पूर्वीं गुरूच्या घरीं, मोजक्याच शिष्यांस शिकवीत. इतोसु आंको यांनीं ती १९०१ सालीं शुरी येथील प्राथमिक शाळेंत आणिली. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे स्वतः शाळाशिक्षकच होते. ते १९२२ सालीं टोकियोस गेले. आणि ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांची 'दान' नामक श्रेणींची पद्धति त्यांनीं कराटेंत स्वीकारिली. रेन्शी, क्योशी, हान्शी हे ज्येष्ठ शिक्षकांचे किताब निराळे आहेत. पण हान्शीसही शिष्य हांक मारितात ती सेन्सेई म्हणूनच.

विद्यार्थ्यांमध्यें आधीं आलेला तो 'सेन्पाई' व मागून आलेला तो 'कोहाई'. येथें सामान्यतः वय नव्हे, तर प्रवेशाचा क्रम पाहतात. त्यामुळें वीस वर्षांच्या नवख्यास पंधरा वर्षांचा मुलगा सेन्पाई होऊं शकतो. नवख्यास कमरपट्टा बांधावयास शिकविणें, त्याला सांभाळून घेणें, हें सेन्पाईचें काम. केवळ हुकूम सोडणारा सेन्पाई आम्हांस तरी त्या नांवास पात्र वाटत नाहीं.

वर्गाच्या आरंभीं व अखेरीस सर्वजण क्रमानें रांगेंत गुडघे मोडून बसतात. मग 'रेई', म्हणजे नमन, होतें. पाहणाराच्या नजरेंतून येथें एक गोष्ट सुटते. शिष्य वांकतात तेव्हां गुरुजीही वांकतात. हें पायां पडणें नव्हे; नमनास प्रतिनमन आहे. जोडीदारासही सरावापूर्वीं व नंतर असेंच नमन करावयाचें, कारण आपणांस शिकतां यावें म्हणून त्यानें आपलें शरीर पुढें केलेलें असतें.

पालकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. दुखावलेल्या मुलानें हात वर करून तसें सांगितलें, तर त्यांत गुरूचा अवमान मुळींच होत नाहीं. जेथें तसें सांगण्याची मुलांस भीति वाटते, तेथें नमनें कितीही रेखीव असलीं तरी मुलास धाडूं नये, असें आमचें मत आहे.

उशिरा आलेला विद्यार्थी दाराशीं बसून राहतो व गुरुजींनीं खुणावल्यावर रांगेच्या शेवटीं उभा राहतो. वर्ग संपल्यावर कित्येक ठिकाणीं मुलेंच फडकीं घेऊन जमीन पुसतात. सेन्पाईही त्यांतून सुटत नाहींत.