हा हट्ट नेमका कुणाचा?

आई-बाबांनो, बिलाच्या रांगेत मूल चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, मागचे लोक बघतात आणि आपण ओशाळतो. "आमचाच फार हट्टी आहे हो," म्हणत ते पाकीट टोपलीत टाकतो. एकदा तिथली मांडणी नीट बघा. आत खेळणं असलेलं चॉकलेट, रंगीत गोळ्या, सगळं चार वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर असतं. तेही अशा जागी, जिथून रांग सोडून तुम्हाला हलता येत नाही. तो हट्ट घरून आलेला नसतो, तिथे मांडून ठेवलेला असतो.

मोठ्यांना पटवण्यापेक्षा मुलाला मागायला लावणं सोपं, हे बाजाराला केव्हाच कळलंय. म्हणूनच कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १९८० पासून तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी जाहिराती करायला बंदी आहे. एक खेळण्यांची कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली, पण १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. आपल्याकडेही २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, 'आईबाबांना घ्यायला लावा' असं मुलांना थेट सांगणारी जाहिरात करता येत नाही. पण मोबाइलवर कुणी मुलगा हसत हसत नवं खेळणं उघडून दाखवतो, तेव्हा तीही जाहिरात असू शकते हे मुलाला कुठून कळणार?

खर्चाचं एक वेळ सोडून देऊ. वस्तूंबरोबर एक हिशोबही मुलाच्या मनात उतरतो, ज्याच्याकडे जास्त तो भारी, याची मला खरी काळजी वाटते. वाढदिवसच बघा. औक्षण, गोडाचं जेवण आणि शेजारची चार मुलं एवढ्यावर दिवस आनंदात जायचा. आता थीम, फुग्यांची कमान, हॉल आणि वर रिटर्न गिफ्ट. ज्या घराला हे झेपत नाही, तिथली मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचंच टाळते, कारण पुढे तिलाही बोलवावं लागेल. हे मनाला फार लागतं. आपणही त्याच चक्रात असतो. वेळ देता येत नाही म्हणून वस्तू देतो, आणि वस्तूंसाठी आणखी काम ओढवून घेतो.

नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. मुलाच्या शेजारी बसून जाहिरात बघा, हे कोण विकतंय ते विचारा. खोक्यावरचं चित्र आणि आतली वस्तू त्याला शेजारी ठेवून बघू द्या. अशी लबाडी शोधायला मुलांना भारी मजा येते. आणि पुढच्या वाढदिवसाआधी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहा, "गिफ्ट आणू नका, रिटर्न गिफ्टही नाही, मुलांना फक्त खेळायला पाठवा." पहिला मेसेज टाकायला धीर लागतो खरा, पण बरेच पालक त्याचीच वाट बघत असतात.