आधी इंजिन, मग नळ

प्रश्न : वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडून एक जुनी, टू-स्ट्रोक इंजिनाची जेट स्की स्वस्तात घेतली. पावसाळाभर ती शेडमध्ये होती. सुरू करण्याआधी इंजिनात पाणी खेळावं म्हणून फ्लशिंगच्या तोंडाला पाइप जोडला, थोडा वेळ नळ सोडून ठेवला आणि मग बटण दाबलं. ‘टक्’ असा एकच आवाज आला, पुढे काही नाही. बॅटरी नवी आहे. मोठी बॅटरी लावून झटका द्या, असं एकजण सुचवतो. पाण्यातच चालणारं यंत्र पाण्यानं बिघडेल कसं? आणि हे काम घरी होईल का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : मोठ्या बॅटरीचा झटका तेवढा देऊ नका. बाकीचं बरंचसं काम घरी होण्यासारखं आहे.

पहिला गैरसमज आधी दूर करू. पाण्यात असतो तो जेट स्कीचा सांगाडा. आतलं इंजिन इतर कुठल्याही इंजिनासारखं हवेवरच जगतं. बहुतेक जुन्या यंत्रांत त्याला रेडिएटर नसतो. मागचा जेटपंप पाणी जोरात फेकतो, त्यातलंच थोडं पाणी एका नळीनं इंजिनाभोवती आणि एक्झॉस्टमध्ये फिरून बाहेर पडतं. जमिनीवर हा पंप कोरडा असतो, म्हणून आपण नळाचा पाइप जोडतो.

घोटाळा होतो तो इथंच. इंजिन चालू असताना धुराचा दाब एक्झॉस्टमधलं पाणी बाहेर ढकलत राहतो. इंजिन बंद असलं की ढकलणारं कोणी नसतं. पाणी एक्झॉस्टमध्ये साठत जातं आणि उलट सिलिंडरकडे येतं. टू-स्ट्रोकमध्ये त्याला अडवायला व्हॉल्व्हही नसतो. सिलिंडरच्या भिंतीत सरळ भोक असतं. म्हणून नियम असा : आधी इंजिन, मग नळ, थांबवताना आधी नळ, मग इंजिन. मधले काही सेकंद इंजिन कोरडं चाललं तर बिघडत नाही. मात्र पाण्याशिवाय पंधरा सेकंदांच्या पुढे जाऊ नये.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि स्टार्टर ‘टक्’ करून थांबतो. अशा वेळी जोर वाढवला तर पाणी हटत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग किरकोळ काम मोठ्या खर्चाचं होतं.

आता तपासणी. सीट काढून यंत्र थोडा वेळ उघडं ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं सांगाड्याच्या तळाशी साचते. सगळे स्पार्क प्लग काढा आणि त्यांच्या वायरींची टोकं इंजिनाच्या धातूला पक्की जोडा, म्हणजे उघड्यावर ठिणगी पडणार नाही. प्लगच्या भोकांसमोरून तोंड बाजूला घ्या आणि स्टार्टर थोडा थोडा दाबा. पाण्याचे फवारे उडाले आणि इंजिन मोकळं फिरू लागलं, तर निदान झालं. प्लग काढूनही ते हलत नसेल, तर दोष स्टार्टरच्या जोडणीत तरी आहे किंवा आत गंज तरी धरला आहे.

पाणी निघालं म्हणून काम उद्यावर टाकू नका. टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी तळाशी नसते. लुना किंवा जुन्या स्कूटरप्रमाणे इथंही पेट्रोलबरोबर येणारं तेलच बेअरिंगना वंगण देतं. तिथं पाणी राहिलं की गंज चढायला वेळ लागत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं टू-टी तेल सोडा, इंजिन चार वेळा फिरवा, नवे प्लग लावा आणि त्याच दिवशी सुरू करा. तेही मोकळ्या जागेत. बंद शेडमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

मात्र सुरू करण्याआधी टाकी रिकामी करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळून भरत असाल, तर तेल वरच्या थरात राहतं आणि इंजिन तळाचा बिनतेलाचा थर ओढतं. अशा यंत्रांत साधारण १:५० प्रमाण, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर तेल लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा.

इंधनाच्या नळ्याही पाहा. १९९०च्या दशकातल्या सी-डू यंत्रांतल्या राखाडी नळ्या आतून विरघळून हिरवट चिकटा सोडतात आणि कार्बोरेटरमधली बारीक जाळी बुजते. पेट्रोल कमी पोचलं की वंगणही कमी पडतं आणि उष्णता वाढते; शेवटी पिस्टन जाम होतो किंवा त्याला भोक पडतं. त्यामुळे नुसता पिस्टन बदलून भागत नाही, आधी कारण शोधावं लागतं.

कॉम्प्रेशन गेज मिळाला तर उत्तम. सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून मोजा. अशी बरीच इंजिनं १२० ते १५० पीएसआय दाखवतात. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर रिंग किंवा पिस्टनचं काम निघालं असं समजा. प्लग, नळ्या, कार्बोरेटरची सफाई घरी जमते. क्रँकशाफ्ट आणि त्याचे सील मात्र प्रेस असलेल्या वर्कशॉपकडेच द्यावेत.

पाण्याला सिलिंडरपर्यंत नेणारी आणखी एक वाट आहे : उलटलेली जेट स्की. ती कोणत्या दिशेनं सरळ करायची, याचं चित्र बहुधा मागच्या बाजूला चिकटवलेलं असतं. चुकीच्या दिशेनं फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात उतरतं. जुन्या यंत्रावरचं ते चित्र पुसट झालं असेल, तर मॅन्युअल पाहून पक्क्या रंगानं पुन्हा काढून घ्या आणि मगच कोणाला चालवायला द्या.