लहान जागेतील आगगाडी
प्रतिकृती-रचनेचा एक पाठ : इयत्ता सहावी व सातवी

पूर्णेहून वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत येणारा लोहमार्ग १९१२ मध्ये निजामाच्या राज्यात सुरू झाला. त्या वेळी हिंगोली हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग वाशीम व अकोल्यावरून खांडव्याकडे जोडला गेला. पुढे २००८ पर्यंत पूर्णा ते अकोला या टप्प्यातील मीटरगेज रूळ जाऊन त्या जागी ब्रॉडगेज रूळ आले. इतका इतिहास जिल्ह्यातूनच जात असला, तरी सेनगाव किंवा औंढा भागातील पुष्कळ मुलांना स्थानकावर उभे राहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. अशा मुलांसाठी वर्गातच एक लहानसे स्थानक उभारता येईल. मात्र त्यासाठी भिंतीलगतच्या एका फळीपेक्षा अधिक जागा बहुधा मिळत नाही. ही फळी १२० सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद आहे, असे येथे धरले आहे.

प्रमाणाचा विचार

खरी वस्तू सर्व बाजूंनी सारखी लहान केली की प्रतिकृती झाली, असा मुलांचा समज असतो. हा समज गणितानेच दूर करावा. पूर्णा ते हिंगोली हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. ते २०० पट लहान केले, तरी ४०० मीटर होते. म्हणजे शाळेच्या दारातून निघालेला मार्ग थेट गावाच्या वेशीशी जाईल. ४०० मीटरचा फलाट याच प्रमाणात २ मीटर होतो व फळीबाहेर जातो. ब्रॉडगेज मार्गावरील अतितीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. तीही साडेसत्याऐंशी सेंटिमीटर भरते. म्हणजे या फळीवर गोल मार्ग बसणार नाही.

त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. गोल फिरणारी गाडी काही वेळ गंमत देते, पण ती कोणत्याही गावाला जात नाही. फळीवर सरळ मार्गच घ्यावा व त्याच्या एका टोकास ‘पूर्णेकडे’, दुसऱ्या टोकास ‘अकोल्याकडे’ अशी पाटी लावावी.

आराखडा

आधी जागा मोजावी, मग गाडीची लांबी ठरवावी आणि त्यावरून प्रमाण निवडावे. प्रवासी डबा सुमारे २२ मीटर व इंजिन सुमारे २० मीटर लांब धरले, तर दोनशेस एक या प्रमाणात डबा ११ व इंजिन १० सेंटिमीटरचे होते. एक इंजिन व तीन डबे मिळून ४३ सेंटिमीटर झाले. म्हणून फलाटापुढील बाजूचा रूळ ४५ सेंटिमीटर ठेवावा. त्याच्या दोन्ही टोकांस मुख्य मार्गाला मिळणाऱ्या सांध्यांसाठी प्रत्येकी २० सेंटिमीटर सोडावेत. एकूण ८५ सेंटिमीटर होतात व उरलेली जागा दोन्ही टोकांस वाटली जाते. दोन मार्गांतील अंतर अडीच सेंटिमीटर पुरे.

गाडी फळीवर येणार कोठून, असा प्रश्न मुले विचारतीलच. पाठाच्या वेळी दोन्ही टोकांस पन्नास सेंटिमीटरची एकेक सुटी फळी बाकावर ठेवावी व पाठ संपताच काढून घ्यावी. त्या फळ्यांवर घरे, झाडे काही नसावे. तेथे बसलेला विद्यार्थी म्हणजेच पलीकडचे स्थानक.

साहित्य

खरा डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद असतो. प्रतिकृतीत ही रुंदी साधारण १६ मिलिमीटर होते. ज्वारीच्या जाड धाटाची जाडीही जवळजवळ तेवढीच असते. साल काढलेल्या धाटाचे ११ सेंटिमीटरचे तुकडे दोऱ्याने जोडले की डबे तयार होतात आणि सालीच्या बारीक काड्या खळीने चिकटवून रूळ करता येतात. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर अंतर येथे जेमतेम साडेआठ मिलिमीटर होते. सांध्याची काडी टाचणीवर फिरती ठेवावी. गाडी हातानेच सरकवावी.

दोन कड्यांचा खेळ

एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. जेथे टोकनची पद्धत होती, तेथे त्या टप्प्याचे टोकन हाती आल्यावाचून चालकाने गाडी पुढे न्यावयाची नाही, असा नियम होता. हा नियम समजावून सांगण्यापेक्षा खेळवावा. पूर्णेकडील टप्प्यासाठी लाल व अकोल्याकडील टप्प्यासाठी निळे, अशी दोन कडी घ्यावीत. लाल कडे घेऊन एक गाडी बाजूच्या रुळावर येऊन थांबते. निळे कडे घेऊन दुसरी मुख्य मार्गाने येते. दोन्ही चालक आपापली कडी स्टेशनमास्तर झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती देतात; तो त्यांची अदलाबदल करतो, सांधे फिरवितो व गाड्या सोडतो. प्रत्येक टप्प्याला कडे एकच असल्यामुळे दोन गाड्या एका टप्प्यात जाऊच शकत नाहीत, हे मुलांच्या ध्यानी आपोआप येते. कडे न घेता गाडी सरकविणाऱ्यास शिक्षकांनी रागावू नये. ती गाडी पुढे जाऊ द्यावी; समोरून दुसरी आली म्हणजे चूक त्याची त्यालाच दिसेल.

शिक्षकांसाठी सूचना

प्रदर्शनासाठी शिक्षकांनीच रात्री बसून प्रतिकृती सुबक करावी, हा मोह टाळावा. वाकडा फलाट मुलांनी मापून केलेला असेल, तर तो सरळ फलाटापेक्षा अधिक शिकवितो. अधिक विस्तृत रचना पाहावयाची असल्यास पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले व १९९८ मध्ये खुले झालेले लघु रेल्वेचे संग्रहालय सहलीत दाखविण्याजोगे आहे.

स्वाध्याय

१. एक किलोमीटरास एक सेंटिमीटर या प्रमाणात पूर्णा ते हिंगोली मार्गाची कागदी पट्टी करून फळीच्या वर भिंतीवर लावा. पट्टीचे व फळीचे प्रमाण वेगळे का ठेवावे लागले?
२. अंगणात चुन्याने १ मीटर व १.६७६ मीटर अंतराच्या रेषांच्या दोन जोड्या आखा. मीटरगेज व ब्रॉडगेज यांतील फरक त्यांमध्ये उभे राहून पाहा.
३. आपल्या प्रतिकृतीत कोणत्या वस्तू ठरलेल्या प्रमाणापेक्षा आखूड केल्या? त्या प्रत्येकीपुढे खरे माप लिहिलेली चिठ्ठी लावा.