मुलांच्या हाती कागद देताना

भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्तीत चित्रकला स्पर्धेची लगबग सुरू होते. ड्रॉइंग शीट वाटले जातात, पंच ठरतात आणि तासाभरात दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी व कौलारू घर अशी एका ठशातून काढल्यासारखी चित्रे जमा होतात. यात मुलांचा दोष नाही. तुला काय दिसले, काय वाटले, हे आपण त्यांना विचारलेलेच नसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी पंच होतो. विषय 'माझे घर'. सहावीतल्या एका मुलीने पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली मांडलेली पातेली, परात, तांब्या काढला होता. वरून गळणारे निळे थेंब पातेल्यांपेक्षाही मोठे होते. 'प्रमाण चुकले' म्हणून आम्ही ते चित्र बाजूला ठेवले. आम्ही म्हणतो, कारण मीही मान डोलावली होती. पुढच्या वर्षी तिनेही डोंगर आणि सूर्य काढला व तिला तिसरा क्रमांक मिळाला.

पुढे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीविषयी वाचनात आले. जन्म १८९८ चा, व्हिएन्नातला. शिक्षण जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत. ज्यू असल्यामुळे डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना तेरेझिनच्या छावणीत पाठविले. तेथे त्यांनी कैदेतल्या मुलांना चित्रकला शिकविली. वापरलेल्या फॉर्मची कोरी पाठ हाच अनेकदा कागद. रद्दीचे तुकडे चिकटवून चित्रे होत. प्रत्येक मुलाने चित्रावर स्वतःचे नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. ज्या जागी माणसाची ओळख नंबरावर येते, तेथे या आग्रहाचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगायला नको. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला त्यांची हत्या झाली. त्यांच्या वर्गातील बहुतेक मुलेही वाचली नाहीत. दोन सुटकेसमध्ये मागे राहिलेली सुमारे ४,५०० चित्रे प्रागच्या ज्यू संग्रहालयाला मिळाली.

विहारातील रविवारच्या संस्कार वर्गात आम्ही यातले काही करून पाहिले. खोडरबर बंद केला. फळ्यावर नमुना काढून द्यायचा नाही असे ठरविले. 'हे काय काढलेस?' असे विचारले की मूल गप्प होते. 'याबद्दल सांग की' म्हटले की बोलू लागते. 'आमची गल्ली' हे चित्र लांबलचक खाकी कागदावर सर्वांनी मिळून काढले. नळ कोठे दाखवायचा यावर अर्धा तास भांडण झाले. मी ते मिटवले नाही. पाणी कोणाच्या दारात येते आणि कोणाच्या येत नाही, हे त्या भांडणातूनच बाहेर आले.

एकदा वेस्संतर जातक सांगितले. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात ते चितारलेले आहे. दानाचा महिमा मी रंगवून सांगितला आणि आवडेल तो प्रसंग काढा म्हटले. कोणी पांढरा हत्ती काढला, कोणी रथ. एका मुलाने मात्र वेलीने हात बांधलेली दोन मुले पाठमोरी काढली. खाली लिहिले, 'यांना कोणी विचारले होते का?' मला उत्तर देता आले नाही. चित्र तसेच भिंतीवर लावले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काळा रंग दिसला की मूल दुःखी आहे असा निष्कर्ष काढू नये. डब्यात तेवढाच खडू उरलेला असू शकतो. पण चित्रातून घरातली मारहाण किंवा भीती दिसली, तर सर्वांसमोर विचारू नये. वर्ग सुटल्यावर, मुलाचा ज्यांच्यावर विश्वास असेल अशा ताईंनी बोलावे.

गेल्या जयंतीला आम्ही क्रमांक काढले नाहीत. सगळी चित्रे नावासह दोरीला चिमटे लावून टांगली. ढाली न घेतल्याने जे पैसे वाचले, त्यातून वर्गासाठी तेलखडूंचे डबे घेतले आहेत. कोऱ्या पाठीचा कागद मात्र नेहमीच कमी पडतो. ज्यांच्या घरी जुनी कॅलेंडरे असतील त्यांनी ती रविवारी सकाळी विहारात आणून द्यावीत.